चरित्रकाराचं मत फिरलं, मग पुस्तिकेत काय छापायचं?

उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात, साठच्या दशकातल्या बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांचं मंडळ आहे. महिन्यातून एकदा ग्रंथालयात जमायचं, एखादी एलपी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि मग तिच्यावर भांडायचं, असा त्यांचा शिरस्ता. ग्रंथालयानं त्यांना सहा श्रवणसंध्या करायला सांगितल्या आणि सोबत वाटायला सोळा पानांची पुस्तिका मागितली. त्या पुस्तिकेच्या मजकुरावरून मंडळ फुटायच्या बेताला आलं. वादाचं मूळ होतं फिलिप नॉर्मन या चरित्रकाराचं एक पुस्तक आणि त्याच्याच हातची पुढची तीन. मंडळाची आणि सभासदांची ओळख इथं झाकली आहे. पुस्तकं, तारखा आणि प्रसिद्ध माणसं मात्र खऱ्या नावांनिशी आहेत.

पार्श्वभूमी

नॉर्मनचं ‘शाउट!’ १९८१ साली आलं. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये बीटल्समधल्या जॉन लेननचा खून झाला होता. पुस्तकाचं काम त्याच्या आधीपासून चाललं होतं, पण वाचकांच्या हाती ते पडलं ऐन दुखवट्यात. चौघांपैकी कोणीही या पुस्तकासाठी मुलाखत दिलेली नव्हती. लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गमधले सोबती, व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइनच्या भोवतालची माणसं, धंद्यातले भागीदार यांच्याकडून नॉर्मननं माहिती काढली आणि ती कादंबरीच्या ओघानं मांडली. तोवरची बहुतेक पुस्तकं एक तर चाहत्यांसाठी होती नाहीतर अधिकृत होती. हंटर डेव्हिसचं १९६८चं अधिकृत चरित्र चांगलं असलं तरी घरच्यांच्या हरकतींनी कापलेलं होतं. त्यामुळे ‘शाउट!’ दोन दशकं तरी पहिलं वाचायचं पुस्तक होऊन बसलं.

त्यात एक ठाम कल होता. लेनन म्हणजे बंडखोर प्रतिभावंत, पॉल मॅकार्टनी म्हणजे गोड चालींचा हिशेबी कारागीर, जॉर्ज हॅरिसन कुरकुरा आणि ड्रमवादक रिंगो स्टार नशीबवान. पुस्तकाच्या प्रचारासाठी अमेरिकी टीव्हीवर गेलेल्या नॉर्मननं, लेनन म्हणजे तीन चतुर्थांश बीटल्स, असं सांगून टाकलं. ते ऐकून लेननची पत्नी योको ओनोनं त्याला डकोटा इमारतीतल्या घरी बोलावलं. त्याही आधी, सत्तरच्या दशकात, त्यानं ‘संडे टाइम्स’च्या मासिकात मॅकार्टनीची टर उडवणारं चार ओळींचं पद्य लिहिलं होतं. नोव्हेंबर २००१मध्ये हॅरिसन गेला तेव्हा नॉर्मननं लिहिलेला मृत्युलेख इतका कडवट होता की चाहते आजही तो विसरलेले नाहीत.

पुढं चित्र पालटलं. २००८ साली त्याचं लेननचरित्र आलं. योकोनं आधी सहकार्य केलं, हस्तलिखित वाचल्यावर पाठिंबा काढून घेतला. याच पुस्तकासाठी मॅकार्टनीनं काही प्रश्नांना ईमेलनं उत्तरं दिली. २०१६ साली नॉर्मननं मॅकार्टनीचंच जाडजूड चरित्र काढलं. त्यासाठी खुद्द मॅकार्टनीनं, आडून का होईना, होकार दिला होता, त्यामुळे जवळची माणसं बोलायला तयार झाली. आपण या माणसावर अन्याय केला, हे नॉर्मननं त्यात मान्य केलं. २०२३ साली हॅरिसनचं चरित्र आलं आणि त्या मृत्युलेखाबद्दलही खेद व्यक्त झाला.

अडचण कुठं उभी राहिली

पुस्तिकेचा पहिला खर्डा एका जुन्या सभासदानं केला. त्याच्याकडे ‘शाउट!’ची जीर्ण प्रत, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. खर्ड्यात तीन वाक्यं अशी होती: प्रयोग जॉनचे आणि लोकप्रिय चाली पॉलच्या; एप्रिल १९७०मध्ये पॉलनं बीटल्स संपवले; जॉर्ज शेवटची तीन वर्षं रुसून बसला होता.

दुसऱ्या एका सभासदानं खर्डा परत पाठवला तो लाल शेरा मारून: ‘हे लिहिणाऱ्यानं स्वतःच मागं घेतलंय.’ त्यावर उत्तर आलं की मागं घेतलं कारण पुढच्या पुस्तकाला पॉलची परवानगी हवी होती. मग ईमेलची साखळी सुरू झाली. दोन आठवड्यांत पुस्तिकेचं एक वाक्यही पुढं सरकलं नाही. नॉर्मन प्रामाणिक की संधिसाधू, यावर मात्र पानंच्या पानं लिहून झाली.

निमंत्रकाची पहिली चूक इथंच झाली. हा वाद दोघांत मिटवण्याजोगा होता, तो त्यानं सगळ्यांच्या मेलवर टाकला आणि ‘आपापलं मत कळवा’ म्हणाला. लोकांनी मत कळवलं ते माणसाबद्दल. पुस्तिकेतल्या वाक्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लेखकाच्या मनात काय होतं हे बाहेरच्याला तपासता येत नाही, म्हणून असा वाद कधी हरताही येत नाही. दोन सभासदांनी येणं बंद केलं.

समोर असलेले पर्याय

ग्रंथालयाची मुदत जवळ आल्यावर बैठक झाली आणि चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली वाट म्हणजे ताजं पुस्तक प्रमाण मानायचं. लेखकानं पुनर्विचार केला आहे, तर त्याचा शेवटचा शब्द घ्यावा. ऐकायला बरं वाटतं, पण २०१६चं पुस्तक मॅकार्टनीचं चरित्र आहे. चरित्रनायकाच्या खांद्यावरून दिसणारा बँड आणि चौघांचा मिळून दिसणारा बँड यांत फरक पडणारच. शिवाय होकार मिळाल्यानं नवी माणसं बोलती होतात तशी काही जुनी तोंडं बंदही होतात.

दुसरी वाट उलट, जुनं तेच खरं मानायची. १९८१ साली आठवणी ताज्या होत्या आणि लेखक कोणाचा मिंधा नव्हता. यात तथ्य आहे. ‘शाउट!’मधलं सेल्टाएब या कंपनीचं प्रकरण बघा. बीटल्सच्या नावानं विग, बाहुल्या, डबे विकण्याचे हक्क एप्स्टाइनच्या वकिलानं अशा करारानं दिले की नव्वद टक्के परवानाधारकांना आणि दहा टक्के बँडकडे. नॉर्मननं त्या व्यवहारातल्या माणसांना गाठून हे लिहिलं. मॅकार्टनीबद्दलचं त्याचं मत फिरलं तरी या प्रकरणाला धक्का लागत नाही. पण त्याच पुस्तकात मुलाखत न दिलेल्या चौघांच्या मनातले हेतूही भरलेले आहेत, आणि ते ताज्या आठवणीतून आलेले नव्हते.

तिसरी वाट नॉर्मनला पूर्ण वगळण्याची. बीटल्सचा इतिहासकार मार्क लुइसन याच्या नोंदी घ्यायच्या, म्हणजे १९८८चं ध्वनिमुद्रणांचं रोजनामचेवजा पुस्तक आणि २०१३मध्ये आलेला चरित्राचा पहिला खंड. ही वाट सर्वांत स्वच्छ, पण पहिला खंड १९६२च्या अखेरीस थांबतो. स्टुडिओची नोंद कोणत्या दिवशी कोणता टेक झाला हे सांगते, कोण कोणावर का चिडला होता हे सांगत नाही. आणि वाचकाच्या डोक्यात ‘शाउट!’ची गोष्ट आधीच बसलेली असेल तर ती न उल्लेखता दुरुस्त कशी करणार?

चौथी वाट मांडली माजी ग्रंथपाल असलेल्या बाईंनी. पुस्तकं निवडायचीच नाहीत, विधानं निवडायची. प्रत्येक वाक्य सुटं करून तपासायचं. वेळखाऊ म्हणून आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. शेवटी हीच वाट धरली गेली, कारण बाकी तिन्हींवर मतदान घेतलं असतं तर हरलेली बाजू उठून गेली असती. इथं निमंत्रकानं मतदान टाळलं हे योग्य केलं. सभेच्या ठरावानं तारीख बदलत नाही.

या बाईंनी आणखी एक काम केलं. एरिन टॉर्केल्सन वेबर या इतिहास अभ्यासकाचं बीटल्सच्या चरित्रलेखनावरचं २०१६चं पुस्तक आणून त्यातली विभागणी समजावली. साठच्या दशकातली गोडगोड अधिकृत कथा, १९७०च्या डिसेंबरात ‘रोलिंग स्टोन’ला दिलेल्या मुलाखतीतून लेननं रचलेली कथा, मग ‘शाउट!’ची कथा आणि शेवटी लुइसनची कागदोपत्री कथा. खर्डा ज्याला तटस्थ माहिती समजत होता ती यांतली तिसरी कथा होती आणि तिच्या पोटात दुसरी, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

काय केलं: विधानांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखले. विधान, पुस्तक आणि आवृत्तीचं साल, मूळ बोलणारा कोण आणि तो कधी बोलला, पुस्तकाबाहेरचा स्वतंत्र पुरावा, आणि शेवटी प्रकार. प्रकार तीनच: घटना, अर्थ, विशेषण.

पहिला घोळ दुसऱ्याच रकान्यात झाला. पान क्रमांक जुळेनात. ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्त्यांची मांडणी वेगळी, ‘शाउट!’ची पुढं सुधारून वाढवलेली आवृत्ती आलेली, आणि एक जण फोनवर ई-बुक वाचत होता, ज्यात अक्षराचा आकार वाढवला की पान बदलतं. एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली. तोडगा साधा निघाला: पान क्रमांक सोडायचा, प्रकरण आणि त्यातला प्रसंग लिहायचा, आणि शीर्षकाच्या मागच्या पानावरून आवृत्तीचं साल उतरवायचं. पुनर्मुद्रणाचं साल आणि सुधारित आवृत्तीचं साल यांत गफलत हमखास होते. छपाई २००५ची असली म्हणून मजकूर २००५चा असतोच असं नाही.

दुसरी अडचण चौथ्या रकान्यात. एका विधानासमोर कोणीतरी पाच पुस्तकांची नावं लिहून ‘पाच पुरावे’ म्हटलं. शोधल्यावर पाचही पुस्तकं फिरून एकाच मुलाखतीकडे जात होती. तेव्हापासून नियम झाला की पुस्तकं मोजायची नाहीत, मूळ तोंडं मोजायची. आणि तोंडाशेजारी तारीख हवीच. १९७०चा संतापलेला लेनन आणि १९८०च्या मुलाखतींतला निवळलेला लेनन एकाच प्रसंगाबद्दल वेगळं बोलतो. मॅकार्टनीचंही तेच आहे. बॅरी माइल्सनं लिहिलेलं १९९७चं पुस्तक मॅकार्टनीच्या सांगण्यावर उभं आहे, म्हणून त्याच्यासमोर ‘पॉलची बाजू’ असं लिहिणं भाग होतं. अर्थात माइल्स स्वतः साठच्या दशकातल्या लंडनच्या त्या वर्तुळात वावरलेला, त्यामुळे काही ठिकाणी तो स्वतंत्र साक्षीदारही ठरतो.

तपासणीचं वाटप मुद्दाम उलटं केलं. जॉनच्या पारड्यात पडणारी विधानं तपासायला लेननवाल्यांना दिली नाहीत, ती मॅकार्टनीवाल्यांकडे गेली. आणि पॉलची लेननवाल्यांकडे. हा निर्णय सगळ्यांत कामाचा ठरला. कारण प्रतिपक्षाचा पुरावा खोडायला बसलेला माणूस तो नीट वाचतो आणि खोडता आला नाही की गुपचूप खूण करतो.

बँड कोणी संपवला

‘एप्रिल १९७०मध्ये पॉलनं बीटल्स संपवले’ या वाक्याचे तुकडे केले. १० एप्रिल १९७० रोजी वृत्तपत्रांनी पॉल बाहेर पडल्याची बातमी छापली, ही घटना. बातमी निघाली त्याच्या पहिल्या एकल अल्बमसोबतच्या प्रश्नोत्तरी पत्रकातून. त्या पत्रकात ‘मी बँड सोडला’ असं थेट वाक्य नाही; बीटल्ससोबत काही ठरलेलं नाही आणि लेननबरोबर पुन्हा गाणी लिहीन असं वाटत नाही, इतकंच आहे. हेही तपासता येतं.

आता मागं जाऊ. ऑगस्ट १९६८मध्ये रिंगो चिडून निघून गेला आणि सुमारे दोन आठवड्यांनी परतला. १० जानेवारी १९६९ला हॅरिसन उठून गेला, पुढं अटी घालून आला. सप्टेंबर १९६९मध्ये लेननं आतल्या बैठकीत आपण सोडतोय असं सांगितलं; नवा रेकॉर्ड करार व्हायचा होता म्हणून ते बाहेर फुटू दिलं नाही. याला लेनन आणि मॅकार्टनी दोघांचा दुजोरा आहे. एकमेकांच्या विरोधात गेलेली दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती पक्की धरायला हरकत नाही. ३१ डिसेंबर १९७०ला मॅकार्टनीनं भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. दाव्यामागं ॲलन क्लाइन या व्यवस्थापकाचा वाद होता, बाकी तिघांना तो हवा होता, याला नको होता.

तुकडे मांडल्यावर उरला तो ‘संपवले’ हा शब्द. तो अर्थ आहे, घटना नाही. पुस्तिकेत तो गाळला आणि पाच तारखा दिल्या. जुन्या सभासदानं एकच अट घातली: कोर्टात कोण गेलं हे लपवायचं नाही. कोणीच ते लपवत नव्हतं, पण अट रास्त होती.

तीन चतुर्थांश

लेनन म्हणजे तीन चतुर्थांश बीटल्स, हे नॉर्मनचं मत एका ध्वनिअभियंता सभासदानं मोजायचा घाट घातला. मोजणी बसेना, आणि ती का बसत नाही हे मोजणीपेक्षा उपयोगाचं निघालं. जुलै १९६४च्या ‘अ हार्ड डेज नाइट’ अल्बमवर तेरा गाणी, त्यातली दहा प्रामुख्यानं लेननची. हाच काळ घेतला तर नॉर्मनचं तीन चतुर्थांश जवळजवळ बरोबर. आता १९६७पासूनच्या ब्रिटिश सिंगल्स घ्या. ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ दुहेरी ए-साइड, म्हणजे तबकडीच्या दोन्ही बाजू मुख्य, एक पॉलचं एक जॉनचं. ‘ऑल यू नीड इज लव्ह’ आणि ‘बॅलड ऑफ जॉन अँड योको’ लेननची. ‘हॅलो, गुडबाय’, ‘लेडी मडोना’, ‘हे जूड’, ‘गेट बॅक’, ‘लेट इट बी’ मॅकार्टनीची. ‘समथिंग’ आणि ‘कम टुगेदर’ची दुहेरी बाजू हॅरिसन आणि लेननमध्ये वाटलेली. म्हणजे वर्षं निवडली की अपूर्णांक आपोआप हवा तसा येतो. वर श्रेय कायम लेनन-मॅकार्टनी असं जोडीनं, आणि चाल एकाची, मधली ओळ दुसऱ्याची, बास तिसराच काहीतरी सांगतोय, अशी गाणी कुठल्या खात्यात घालणार? विधानासमोर ‘विशेषण’ लिहून ते बाजूला काढलं.

प्रयोग कोणाचे

‘टुमॉरो नेव्हर नोज’ गाणं लेननचं, मुद्रण एप्रिल १९६६मध्ये सुरू झालं. त्यातले उलटसुलट फिरणारे टेप लूप, म्हणजे टोकं जोडून पुन्हा पुन्हा वाजवलेले टेपचे तुकडे, घरच्या टेपरेकॉर्डरवर खटपट करणाऱ्या मॅकार्टनीच्या नादातून आले. जानेवारी १९६७मध्ये मॅकार्टनीच्या पुढाकारानं ‘कार्निव्हल ऑफ लाइट’ हा सुमारे चौदा मिनिटांचा ध्वनिप्रयोग मुद्रित झाला, तो कधी प्रकाशित झाला नाही. ‘रिव्होल्युशन ९’ मात्र लेनन आणि योकोचं, आठ मिनिटांच्या वर, आणि ते १९६८च्या दुहेरी अल्बमवर आलं. लोकांनी जे ऐकलं तेच त्यांच्या लक्षात राहिलं. ‘शाउट!’चा कल काही अंशी इथून आला असणार. कपाटातल्या टेपचं श्रेय कोणी देत नाही.

हॅरिसन

हॅरिसनच्या वाक्यावर कोणी भांडलंच नाही, आणि तिथंच सगळ्यांत मोठी चूक राहून जाणार होती. दोन्ही पक्ष जॉन-पॉलमध्ये गुंतलेले. ‘रुसलेला’ हे विशेषण दोघांनाही चालत होतं.

रकाने भरायला घेतले तेव्हा वेगळंच चित्र निघालं. सप्टेंबर १९६६मध्ये हॅरिसन मुंबईत ताजमध्ये उतरून पंडित रविशंकरांकडे सतार शिकत होता. ओळखलं गेल्यावर गर्दी झाली आणि मुक्काम काश्मीरला हलला. जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत मुद्रित करायला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान अशी वादक मंडळी होती. त्याच बैठकांत ‘द इनर लाइट’चा वाद्यभाग झाला, गायन फेब्रुवारीत लंडनला. मार्चमध्ये ते ‘लेडी मडोना’च्या मागच्या बाजूला आलं, बीटल्सच्या सिंगलवरचं हॅरिसनचं पहिलं गाणं. म्हणजे ज्या काळात खर्डा त्याला रुसवत होता, त्याच काळात तो मुंबईत दुसऱ्या संगीतपरंपरेतल्या अव्वल वादकांचं मुद्रण सांभाळत होता. मराठी वाचकाला हे कदाचित ठाऊक असेल, पण त्या मंडळात बऱ्याच जणांना नव्हतं. बँडमध्ये त्याची कुचंबणा होत होती, हेही खरंच. दोन्ही ओळी पुस्तिकेत शेजारी शेजारी गेल्या.

पडद्यावरचा पुरावा

एका सभासदाचा आग्रह होता की पीटर जॅक्सनची २०२१ची ‘गेट बॅक’ ही माहितीपट मालिका बघितल्यावर वादच उरत नाही. जानेवारी १९६९चे ते दिवस तिथं डोळ्यांसमोर घडतात. मॅकार्टनी गिटारसारखा बास खडखडवत ‘गेट बॅक’ची चाल शोधतो, शेजारी हॅरिसन जांभई देतो, ते दृश्य कुठलंही चरित्र देऊ शकत नाही. पण जवळपास साठ तासांचं चित्रण आणि दीडशे तासांहून जास्त ध्वनी यांतून ही मालिका सुमारे आठ तासांची झाली आहे. निवड तिथंही आहे, आणि मालिका निघाली ती हयात सभासदांच्या व वारसांच्या संमतीनं. म्हणून तक्त्यात तिच्यासमोरही संमतीची नोंद पडली. दृश्यात जे दिसतं ते घटना म्हणून घेतलं; दृश्यांच्या क्रमातून जो सूर उमटतो तो अर्थाच्या रकान्यात गेला.

लेखकाच्या फिरलेल्या मताचं काय केलं

दुसरा छोटा तक्ता केला तो फक्त नॉर्मनसाठी. साल, पुस्तक, कोणी दार उघडलं, कोणी लावलं. १९८१: चौघांपैकी कोणी नाही. २००८: योको आधी आत, मग बाहेर, मॅकार्टनी ईमेलपुरता. २०१६: मॅकार्टनीचा होकार. २०२३: हॅरिसनचे घरचे दूर, मृत्युलेख आड आला, हे उघड आहे.

मग मत जिथं जिथं फिरलं ती ठिकाणं उतरवली आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न: या फिरण्यासोबत नवी माहिती आली आहे का? काही ठिकाणी आली होती. प्रयोगशीलतेचा मुद्दा घ्या, ‘शाउट!’ छापून आल्यावर सोळा वर्षांनी माइल्सचं पुस्तक आलं, त्याआधी १९८८मध्ये बीटल्सची रेकॉर्ड कंपनी ईएमआय हिच्या मुद्रणनोंदी खुल्या झाल्या. अशा जागी बदललेलं मत घेतलं. काही ठिकाणी माहिती तीच होती, फक्त सूर मवाळ झाला होता. गोड चालीला आधी दिखाऊ म्हटलेलं, आता कसबी. तिथं दोन्ही मतं सोडली आणि चालीबद्दल वाचकानं कानानं ठरवावं म्हणून ती गाणी श्रवणयादीत घातली. संधिसाधूपणाचा प्रश्न यामुळे आपोआप बाजूला पडला. परवानगीसाठी मत बदललं असलं तरी सोबत आलेली तारीख खोटी ठरत नाही, आणि मनापासून बदललं असलं तरी नुसत्या विशेषणाचा पुरावा होत नाही.

न्यूकॅसलच्या प्रसंगावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. डिसेंबर १९६५मध्ये, बीटल्सच्या शेवटच्या ब्रिटिश दौऱ्यात, तरुण वार्ताहर नॉर्मन सिटी हॉलच्या रंगपटात शिरला आणि मॅकार्टनीनं आपला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बास त्याच्या हाती दिला, ही हकिकत त्यानं २०१६च्या पुस्तकात सांगितली आहे. सांगणारा तो स्वतःच. लेननवाल्यांचं म्हणणं, ही आठवण १९८१मध्ये का नाही आठवली? मॅकार्टनीवाल्यांचं म्हणणं, आठवणीला कोणी तारीख लावून बोलावत नाही. तक्त्यात तिच्यासमोर ‘एकच तोंड, लेखक स्वतः’ असं लिहिलं आणि पुस्तिकेबाहेर ठेवली.

परिणाम

पुस्तिका मुदतीच्या दोन दिवस आधी छापखान्यात गेली. सोळापैकी चार पानं तारखांची, पाच पानं गाण्यांवर, आणि एक पान ‘हे पुस्तक कोणी, कधी, कोणाच्या मदतीनं लिहिलं’ याचं. नॉर्मनची चारही पुस्तकं त्या पानावर आहेत. खर्ड्यातली तीनही वाक्यं गेली. निघून गेलेल्या दोघांपैकी एक जण तिसऱ्या श्रवणसंध्येला परत आला. दुसऱ्यानं पुस्तिका नेली आणि अंगात जोर नसलेली म्हणून नापसंत केली. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘शाउट!’ची गोष्ट वाचताना जी झिंग येते ती तारखांच्या चार पानांत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खर्ड्याच्याही आधी आवृत्त्या ठरवायला हव्या होत्या. प्रत्येकानं आपली प्रत आणून तिचं साल पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं असतं तर पान क्रमांकांची संध्याकाळ वाचली असती आणि निम्मे जण वेगवेगळी पुस्तकं वाचून एकाच पुस्तकावर भांडताहेत हेही दिसलं असतं.

सुरुवात छोट्या विधानानं करायला हवी होती. मंडळ थेट ‘बँड कोणी संपवला’ला भिडलं. सेल्टाएबच्या करारासारखं, ज्यात कोणाचा जीव अडकलेला नाही असं प्रकरण आधी घेतलं असतं तर तक्त्याची सवय भांडणाशिवाय लागली असती.

निमंत्रकानं पहिली ईमेल सगळ्यांना पाठवायला नको होती. खर्डा लिहिणारा आणि हरकत घेणारा, दोघांना बसवून ‘यातली कुठली तीन वाक्यं खटकतात?’ एवढं विचारलं असतं तर त्याच संध्याकाळी काम सुरू झालं असतं.

उलट वाटपाचा नियम फक्त जॉन आणि पॉलला लागला. हॅरिसनला तो उशिरा लागला आणि रिंगोला लागलाच नाही. त्याच्या नावासमोर तक्त्यात एकच नोंद आहे, ऑगस्ट १९६८ची. त्याच्यासाठी भांडणारा कोणी मंडळात नव्हता, आणि २०२३पर्यंत नॉर्मननंही त्याचं चरित्र लिहिलेलं नव्हतं. पुस्तिकेच्या दुसऱ्या छपाईसाठी हे काम नव्या सभासदाला दिलं आहे. तो ड्रमवादनाच्या अंगानं टेक ऐकून नोंदी करतोय आणि त्यानं पहिल्याच पानावर विचारलंय की ‘नशीबवान’ हा शब्द कुठल्या रकान्यात घालायचा.